मातीतल्या बुरशीची ‘नवी नोंद’: प्लेटपासून अ‍ॅक्सेशन क्रमांकापर्यंत

मातीतली बुरशी प्लेटवर वाढवायला आठवडा पुरतो. तिचं नाव खात्रीने सांगायला काही महिने जातात. त्यानंतरही ‘ही जात भारतातून याआधी नोंदलेली नाही’ हे वाक्य लिहायचं असेल, तर प्रयोगशाळेइतकंच काम ग्रंथालयात करावं लागतं. वनस्पतिशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्रात एमएस्सी-पीएचडी करताना जे पहिल्यांदाच या कामाला हात घालत आहेत, त्यांच्यासाठी हा लेख आहे. सह्याद्रीतल्या किंवा देशावरच्या मातीत हमखास भेटणारे पेनिसिलियम, टॅलारोमायसिस, अ‍ॅस्परजिलस, ट्रायकोडर्मा आणि फ्युजेरियम हे पाच जीनस (जवळच्या जातींचे गट) उदाहरणाला घेतले आहेत.

सुरुवातीलाच एक फरक पक्का करा. नवी जात म्हणजे विज्ञानाला आजवर ठाऊक नसलेली बुरशी. तिला नाव देताना नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेप्रमाणे टाइप नमुना (ते नाव ज्याच्याशी कायमचं बांधलेलं असतं तो मूळ नमुना) आणि लॅटिन किंवा इंग्रजी वर्णन लागतं, आणि १ जानेवारी २०१३ पासून मायकोबँकसारख्या मान्य नोंदवहीचा क्रमांकही बंधनकारक आहे. नवी नोंद म्हणजे आधीच नाव असलेली जात एखाद्या देशात किंवा राज्यात पहिल्यांदा सापडणं. नव्या नोंदीसाठी मायकोबँकचा नवा क्रमांक घ्यायचा नसतो. पुष्कळ जण तो घ्यायला जातात आणि गोंधळतात. मात्र पुरावा दोन्हीकडे तितकाच भक्कम लागतो.

आधी जमवायच्या गोष्टी

कागदपत्रं:
- वनक्षेत्रातून माती घ्यायची असेल तर वनविभागाची लेखी परवानगी. अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यान असेल तर अर्ज नागपूरच्या प्रधान मुख्य वनसंरक्षक (वन्यजीव) कार्यालयाकडे जातो. वेळ लागतो, म्हणून अर्ज पावसाळ्याच्या बराच आधी करा.
- खाजगी शेतातली माती असेल तर मालकाची संमती.
- संस्थेचं पत्र आणि मार्गदर्शकाची सही.
- कामात परदेशी नागरिक किंवा संस्था असेल, किंवा माती, कल्चर, डीएनए यांपैकी काहीही देशाबाहेर पाठवायचं असेल, तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी आधी. जैवविविधता कायदा, २००२ इथे लागू होतो. नमुना पाठवून झाल्यावर परवानगी शोधत बसू नका.

साधनं: ऑटोक्लेव्ह, २५ अंशांवर स्थिर राहणारा इन्क्युबेटर, क्लास २ बायोसेफ्टी कॅबिनेट, १०० पटीचं ऑइल इमर्शन भिंग आणि कॅमेरा असलेला सूक्ष्मदर्शक, स्टेज मायक्रोमीटर, मायक्रोपिपेट, पीसीआर मशीन, जेलचा संच, उणे २० आणि उणे ८० अंशांचे फ्रीझर. सीक्वेन्सिंग बाहेरून करून घेता येतं.

दोन साधनांबद्दल सवलत घेऊ नका. पहिलं इन्क्युबेटर. आपल्याकडे ‘रूम टेंपरेचर’ जानेवारीत २० आणि एप्रिलमध्ये ३५ असतं, आणि वसाहतीचा व्यास तापमानावर ठरतो. दुसरं कॅबिनेट. आडव्या हवेचं लॅमिनार फ्लो प्लेटवरची हवा काम करणाऱ्याच्या तोंडावर फेकतं. मीडियम ओतायला ते चालतं, पण बीजाणूंनी भरलेलं अ‍ॅस्परजिलस त्यात उघडणं फुप्फुसांना धोक्याचं आहे.

१. माती गोळा करणं

वरचा पालापाचोळा बाजूला सारा आणि ५ ते १५ सेंटीमीटर खोलीची माती घ्या. एका जागी साधारण १० मीटरच्या परिघात पाच ठिकाणांहून १०० ग्रॅमच्या आसपास माती घेऊन ती एकाच निर्जंतुक पिशवीत मिसळा. दोन जागांच्या मध्ये खुरपी ७० टक्के इथेनॉलने पुसून ज्योतीवरून फिरवा.

चिठ्ठी पेन्सिलने लिहा आणि बाहेरच्या दुसऱ्या पिशवीत घाला. पावसात ओल्या पिशवीवरचं मार्करचं अक्षर घरी पोचेपर्यंत राहत नाही. चिठ्ठीवर तारीख, जीपीएस, समुद्रसपाटीपासूनची उंची, वरची झाडं किंवा पीक आणि मातीचा प्रकार हवा. मातीचा सामू (पीएच) पण मोजा: एक भाग मातीला अडीच भाग पाणी घेऊन. आंबोली-महाबळेश्वरची जांभा माती आम्ल असते, देशावरची काळी माती बहुधा अल्कधर्मी, आणि लेखात ‘अधिवास’ लिहिताना ही माहिती लागतेच.

पिशव्या बर्फपेटीत न्या, पण गोठवू नका. ४ अंशांवर ठेवून शक्यतो ४८ तासांत प्लेटिंग करा. पिशवी आठवडाभर पडली तर भरभर बीजाणू करणाऱ्या जाती वाढतात आणि मुळातली रचना बदलते.

२. प्लेटवर उतरवणं

१० ग्रॅम माती ९० मिली निर्जंतुक सलाइनमध्ये (०.८५ टक्के मीठ) घालून शेकरवर अर्धा तास हलवा. तिथून दहा-दहा पट विरल करत जा. हजारपट आणि दहा हजारपट विरल द्रावणाचे ०.१ मिली प्रत्येकी तीन प्लेटवर पसरा. जंगलच्या मातीला हजारपट पुरेल असं वाटतं, पण पहिल्या वेळी दोन्ही लावा.

मीडियममध्ये जिवाणू रोखणारं औषध लागतं. क्लोरॅम्फेनिकॉल लिटरला १०० मिलिग्रॅम घाला. ते ऑटोक्लेव्ह सोसतं. स्ट्रेप्टोमायसिन सोसत नाही, म्हणून ते मीडियम ४५-५० अंशांवर आल्यावर गाळून घालायचं. म्यूकर-रायझोपसचा पसारा रोखायला रोज बेंगाल (लिटरला सुमारे ३३ मिलिग्रॅम) उपयोगी पडतं. पण उजेडात रोज बेंगालमधून तयार होणारे घटक बुरशीलाच मारतात, म्हणून या प्लेट ओतल्यापासून अंधारात ठेवा. खिडकीपाशी ठेवलेल्या रोज बेंगाल प्लेटवर ‘मातीत काही नाही’ असं दिसतं ते यामुळे.

सगळ्याच बुरश्या विरलीकरणाने मिळत नाहीत. मातीच्या कणांना चिकटून राहणाऱ्या तंतूंसाठी वॉरकपची पद्धत वापरा: ५ ते १५ मिलिग्रॅम माती थेट रिकाम्या प्लेटमध्ये, वर कोमट मीडियम, आणि प्लेट हलकेच गोल फिरवायची. टॅलारोमायसिससारख्या, जाड भिंतीचे लैंगिक बीजाणू म्हणजे अ‍ॅस्कोस्पोर करणाऱ्या जाती हव्या असतील तर मातीचं द्रावण ६० अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवून मग लावा. बाकीची गर्दी मरते, या उरतात. ज्यांना खरोखर कमी नोंदलेल्या जाती शोधायच्या आहेत त्यांनी ही उष्णतेची पायरी टाळू नये.

प्लेट २५ अंशांवर ठेवून तिसऱ्या, पाचव्या, सातव्या आणि चौदाव्या दिवशी पाहा. नवी वसाहत दिसली की प्लेटच्या पाठीमागे खूण करा. हमखास होणारी चूक अशी की पाचव्या दिवशी मोठ्या, हिरव्या, देखण्या वसाहती उचलायच्या आणि प्लेट टाकून द्यायच्या. सावकाश वाढणाऱ्या, तीन-चार मिलिमीटरच्या करड्या वसाहती दुसऱ्या आठवड्यात दिसतात, आणि नव्या नोंदी बहुतेक त्यांतूनच येतात.

३. शुद्ध कल्चर, आणि त्याच दिवशी जतन

वसाहतीचा तुकडा नव्या प्लेटवर ठेवला म्हणजे कल्चर शुद्ध झालं असं नाही. एका बीजाणूपासून वाढलेलंच कल्चर धरा. बीजाणूंचं पातळ द्रावण २ टक्के वॉटर आगरवर पसरा. १६ ते २४ तासांनी स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली नुकता अंकुर फुटलेला एकटा बीजाणू शोधा आणि आगरच्या बारीक चौकोनासकट उचला. बीजाणू होतच नसतील तर तंतूचं टोक कापून घ्या.

शुद्ध कल्चर हाती आलं की ओळख पटायची वाट न पाहता ते जपून ठेवा. स्वस्त पद्धत म्हणजे ५ मिमीचे चार-पाच आगरचे तुकडे १.५ मिली निर्जंतुक पाण्यात झाकणबंद. सोबत उणे ८० अंशांवर १५ ते २० टक्के ग्लिसरॉलमध्ये दोन नळ्या. एकच कल्चर महिनोन्महिने प्लेटवरून प्लेटवर नेत राहिलात तर ते हळूहळू बीजाणू करणं सोडतं, आणि पुढे चित्रं काढायची वेळ येते तेव्हा नुसता पांढरा कापूस उरतो.

पावसाळ्यात माइट्सवर लक्ष ठेवा. प्लेटवर नागमोडी रेघेत छोट्या छोट्या वसाहती उगवल्या तर तो या किड्यांच्या पायांचा माग असतो. ते एका प्लेटमधले बीजाणू दुसरीत नेतात. अशी प्लेट उघडून बघू नका, थेट ऑटोक्लेव्ह करा आणि इन्क्युबेटर रिकामा करून इथेनॉलने पुसा.

४. वसाहतीचं रूप: ठरलेलं मीडियम, ठरलेले दिवस

पीडीएवरचं (बटाटा-डेक्स्ट्रोज आगरवरचं) तुमचं वर्णन मूळ वर्णनाशी ताडता येत नसेल तर त्याचा उपयोग नाही. म्हणून आधी जीनस ओळखा, मग त्या जीनससाठी रूढ असलेलं मीडियम निवडा.

पेनिसिलियम, टॅलारोमायसिस आणि अ‍ॅस्परजिलससाठी सीवायए (झापेक यीस्ट आगर) आणि एमईए (माल्ट एक्स्ट्रॅक्ट आगर) ही दोन मीडियम कमीत कमी हवीत. सीवायएला लिटरमागे साखर ३० ग्रॅम, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट ५ ग्रॅम, डायपोटॅशियम हायड्रोजन फॉस्फेट १ ग्रॅम, झापेक कॉन्सन्ट्रेट १० मिली, सूक्ष्म धातूंचं द्रावण १ मिली, आगर १५ ते २० ग्रॅम. सूक्ष्म धातूंचं द्रावण म्हणजे १०० मिली पाण्यात १ ग्रॅम झिंक सल्फेट आणि ०.५ ग्रॅम कॉपर सल्फेट. हा एक मिली विसरला तर बीजाणूंचा हिरवा रंग नीट उतरत नाही. पाणी जितकं शुद्ध, तितका हा दोष ठळक दिसतो. नवीन, चकचकीत पाणीयंत्र बसवलेल्या प्रयोगशाळेत ‘पांढरं पेनिसिलियम’ दिसू लागलं तर आधी हे तपासा.

९० मिमीच्या प्लेटमध्ये २० मिली मीडियम ओता. बीजाणू ०.२ टक्के आगर आणि ०.०५ टक्के ट्वीन ८० च्या पातळ द्रावणात कालवून, त्याचा १ मायक्रोलिटर तीन ठिकाणी ठेवा. कोरड्या सुईने लावलं तर बीजाणू उडतात आणि प्लेटभर पिल्लं उगवतात. प्लेट अंधारात २५ अंशांवर सात दिवस ठेवा. सीवायएची आणखी एक प्लेट ३७ अंशांवर ठेवा, कारण त्या तापमानाला वाढणं किंवा न वाढणं हा कित्येक जातींमध्ये निर्णायक फरक असतो. प्लेटला पॅराफिल्म गुंडाळू नका. हवा कमी मिळाली की वाढ आणि बीजाणू दोन्ही बदलतात.

सातव्या दिवशी लिहायचं: प्रत्येक वसाहतीचा व्यास मिलिमीटरमध्ये, पोत (मखमली, लोकरी, दोऱ्यांच्या जुड्यांचा), बीजाणूंचा रंग, कवकजालाचा (तंतूंच्या जाळ्याचा) रंग, वर जमलेले थेंब, मीडियममध्ये उतरलेलं रंगद्रव्य, आणि प्लेटच्या पाठीचा रंग. रंग ‘पोपटी’, ‘शेवाळी’ असा अंदाजाने न लिहिता प्रमाणित रंगतक्त्याशी ताडून लिहा. क्रिएटिन आगरवर जांभळ्याचं पिवळं झालं की आम्ल तयार झालं असं समजा. पेनिसिलियममध्ये ही खूण कामाची आहे.

ट्रायकोडर्मासाठी पीडीए आणि एसएनए (पोषणद्रव्यं मुद्दाम कमी ठेवलेलं आगर), तीन तापमानं (२५, ३०, ३५), आणि ७२ तासांनी त्रिज्या मोजायची. फ्युजेरियमसाठी रंग पीडीएवर पाहा, पण बीजाणूंची मापं एसएनए किंवा कार्नेशनच्या पानाच्या तुकड्यांच्या आगरवरून घ्या. पीडीएवर फ्युजेरियमचे मोठे बीजाणू वेडेवाकडे येतात आणि ती मापं कुठल्याच वर्णनाशी जुळत नाहीत.

५. सूक्ष्मदर्शकाखाली

पेनिसिलियमची स्लाइड एमईएवरच्या सात ते दहा दिवसांच्या वसाहतीच्या कडेजवळून घ्या. मधल्या भागात नुसती बीजाणूंची पूड मिळते. तुकड्यावर ७० टक्के इथेनॉलचा थेंब टाकून जास्तीचे बीजाणू वाहून जाऊ द्या, मग लॅक्टिक अ‍ॅसिडमध्ये बसवा. कॉटन ब्लू ढोबळ पाहणीला ठीक, पण बीजाणूंच्या भिंतीवरचा खरखरीतपणा बिनरंगी द्रावातच नीट दिसतो.

पाहायचं काय? बीजाणू धरणारा दांडा गुळगुळीत की खरखरीत. त्याच्या टोकाच्या कुंचल्यात फांद्यांचे थर किती. फिअलाइडचा (बीजाणू तयार करणाऱ्या पेशीचा) आकार: सुरईसारखा फुगीर की भाल्यासारखा निमुळता. पूर्वी पेनिसिलियममध्ये मोडणाऱ्या, दोन थरांच्या कुंचल्याच्या आणि भाल्यासारख्या फिअलाइडच्या जाती २०११ मध्ये टॅलारोमायसिसमध्ये गेल्या. हे एक लक्षण नीट पाहिलं तर पुढे तुलनेसाठी चुकीच्या जीनसचे डीएनए क्रम गोळा करण्यात दिवस जात नाहीत. ओट आगर आणि एमईएच्या प्लेट तीन आठवडे ठेवून अ‍ॅस्कोमाटा (लैंगिक बीजाणूंची फळं) किंवा स्क्लेरोशिया (तंतूंचे कडक गोळे) होतात का तेही बघा.

मापं घेण्याआधी आयपीस मायक्रोमीटर प्रत्येक भिंगासाठी वेगळा कॅलिब्रेट करा. कॅमेऱ्याच्या सॉफ्टवेअरमध्ये दुसऱ्याने ठेवलेलं कॅलिब्रेशन तसंच वापरल्याने सगळ्या मापांमध्ये सारख्याच पटीची चूक शिरते आणि ती वाचकाला शोधता येत नाही. बीजाणू कमीत कमी ३०, शक्यतो ५० मोजा. लिहिताना किमान, कमाल, सरासरी आणि प्रमाण विचलन द्या. फोटोवरची मोजपट्टी त्याच दिवशी टाका.

६. डीएनए आणि पीसीआर

तीन ते पाच दिवसांचं कोवळं कवकजाल घ्या, साधारण १०० मिलिग्रॅम. प्लेटवर सेलोफेन घालून वाढवलं तर आगर न येता सोलून निघतं. जुन्या कल्चरमध्ये शर्करा आणि रंगद्रव्य वाढलेलं असतं आणि तेच पुढे पीसीआर अडवतं.

द्रवरूप नायट्रोजनमध्ये किंवा काचेच्या मण्यांनी चुरा, २ टक्के सीटॅब बफरमध्ये ६५ अंशांवर ३० ते ६० मिनिटं, मग क्लोरोफॉर्म आणि आयसोअमाइल अल्कोहोल (२४:१), वरचा थर आयसोप्रोपॅनॉलने साका बसवून ७० टक्के इथेनॉलने धुवा, ५० मायक्रोलिटर टीई बफरमध्ये विरघळवा. २६०/२८० चं गुणोत्तर (डीएनएच्या शुद्धतेचं माप) १.८ च्या आसपास हवं.

२५ मायक्रोलिटरची पीसीआर: दुप्पट तीव्रतेचा मास्टर मिक्स १२.५, दोन्ही प्रायमर (१० मायक्रोमोलर) प्रत्येकी १, डीएनए १, पाणी ९.५. आयटीएससाठी (हा डीएनएचा भाग पुढच्या पायरीत येतो) ९५ अंश ५ मिनिटं. मग ३५ फेऱ्या ९५ अंश ३० सेकंद, ५५ अंश ३० सेकंद, ७२ अंश १ मिनिट. शेवटी ७२ अंश ७ मिनिटं. जेलवर साधारण ५०० ते ७०० बेसजोड्यांचा एकच बँड दिसायला हवा. डीएनए न घातलेली नळी प्रत्येक वेळी लावा. तिच्यात बँड आला तर त्या दिवसाचं सगळं काम रद्द समजा, कितीही वाईट वाटलं तरी.

बँड आलाच नाही तर बहुतेक जण डीएनए वाढवतात. उलट करा: दहापट आणि शंभरपट विरल करून पाहा. गडद रंगाच्या बुरश्यांमध्ये अडथळा करणारी द्रव्यंच जास्त असतात.

७. कोणता जीन?

आयटीएस हा बुरश्यांचा अधिकृत डीएनए बारकोड आहे. २०१२ मध्ये तो तसा मांडला गेला. आयटीएस१ किंवा आयटीएस५ आणि आयटीएस४ या प्रायमरनी तो सहज मिळतो. पण मातीत सर्वांत जास्त सापडणाऱ्या जीनसमध्येच तो जातीपर्यंत पोचत नाही. पेनिसिलियमच्या फॅसिक्युलाटा सेक्शनमध्ये (सेक्शन म्हणजे जीनसचा पोटगट) किंवा ट्रायकोडर्मा हर्झियानमच्या गटात वेगवेगळ्या जातींचा आयटीएस एकसारखा असू शकतो. नुसत्या आयटीएसवर लिहिलेली नवी नोंद कृपया छापायला पाठवू नका. दुसरा जीन असा निवडा:

- पेनिसिलियम, टॅलारोमायसिस: बीटा-ट्युब्युलिन, प्रायमर बीटी२ए आणि बीटी२बी.
- अ‍ॅस्परजिलस: कॅल्मोड्युलिन, प्रायमर सीएमडी५ आणि सीएमडी६. इथे बीटी२ प्रायमर कधी कधी बीटा-ट्युब्युलिनची दुसरीच, भावंड प्रत वाढवतात, आणि ती बेनए (हवी ती प्रत) समजून वंशवृक्षात घातली की सगळं झाड चुकतं.
- फ्युजेरियम: टेफ१, प्रायमर ईएफ१ आणि ईएफ२; सोबत आरपीबी२.
- ट्रायकोडर्मा: टेफ१ आणि आरपीबी२, दोन्ही.

आरपीबी२ हट्टी असतो. एकाच तापमानाऐवजी आधी ५० अंशांच्या पाच फेऱ्या, मग ५२ च्या पाच, मग ५५ च्या तीस असं चढत गेलात तर बहुतेक वेळा मिळतो.

८. क्रम साफ करणं आणि ब्लास्ट

सीक्वेन्सिंग दोन्ही दिशांनी करून घ्या. हाती नुसती अक्षरांची फाइल न घेता क्रोमॅटोग्राम (शिखरांचा आलेख) मागा. दोन्ही टोकांची पहिली-शेवटची ३०-५० अक्षरं बहुधा टाकावी लागतात. मधोमध सलग दुहेरी शिखरं दिसली तर मिसळलेल्या कल्चरचा संशय घ्या आणि तिसऱ्या पायरीवर परत जा. सॉफ्टवेअरने ठोकून दिलेलं अक्षर डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मान्य करू नका.

आता ब्लास्ट, म्हणजे तुमचा क्रम जेनबँक या सार्वजनिक संग्रहातल्या क्रमांशी ताडून पाहणं. नवशिक्यांचं काम सर्वांत जास्त इथेच फसतं. जेनबँकेतलं नाव हे क्रम जमा करणाऱ्याने दिलेलं नाव असतं. ते कुणी तपासलेलं असेलच असं नाही. एकाने चुकीचं नाव दिलं, दुसऱ्याने त्याच्याशी ताडून तेच दिलं, की यादीत वरचे दहाही निकाल एकाच चुकीचे वारस असतात. म्हणून:

- शोधताना ‘टाइप मटेरियल’चा पर्याय निवडा आणि पर्यावरणीय, कल्चर न केलेले नमुने वगळा.
- आयटीएसमध्ये ‘एनआर’ने सुरू होणारे क्रमांक निवडक, तपासलेल्या संग्रहातले असतात. त्यांना जास्त वजन द्या.
- साम्याच्या टक्क्याबरोबर क्रमाचा किती भाग जुळला तेही पाहा. ४० टक्के भागावरचं ९९ टक्के साम्य काही सांगत नाही.
- टक्क्यांची एकच सीमा सगळ्या जीनसना लागत नाही. ट्रायकोडर्मात टाइप कल्चरशी आरपीबी२ चं किमान ९९ आणि टेफ१ चं किमान ९७ टक्के साम्य अशी कसोटी २०२१ मध्ये मांडली गेली. ती फ्युजेरियमला लावू नका.

ब्लास्टचा खरा उपयोग एवढाच की तुमची बुरशी कोणत्या सेक्शनमध्ये बसते ते कळतं. नाव पुढच्या पायरीत ठरतं.

९. वंशवृक्ष

त्या सेक्शनमधल्या सगळ्या मान्य जातींच्या टाइप कल्चरचे क्रम अलीकडच्या जीनस-समीक्षेतल्या तक्त्यातून घ्या. अर्ध्याच जाती घेतल्या तर खरी जवळची जात झाडात नसतेच, आणि तुमची बुरशी चुकीच्या शेजाऱ्याला चिकटते. बाहेरचा गट म्हणून शेजारच्या सेक्शनमधली एखादी जात घाला.

मॅफ्ट या सॉफ्टवेअरने क्रमांची जुळवणी करा आणि ती डोळ्यांनी पाहा. एखादा क्रम बाकीच्यांशी अजिबात जुळत नसेल तर तो बहुधा उलट्या दिशेचा आहे. आयक्यू-ट्री किंवा मेगामध्ये आधी प्रत्येक जीनचं वेगळं झाड करा. सगळी झाडं तुमच्या बुरशीची एकच जागा सांगत असतील तरच जीन जोडा. बूटस्ट्रॅप म्हणजे फांदी किती भक्कम आहे ते तपासण्याची आकडेमोड; साध्या बूटस्ट्रॅपमध्ये ७० आणि अल्ट्राफास्टमध्ये ९५ च्या खालचा आधार कमकुवत धरा. ७० चा नियम अल्ट्राफास्टला लावणं ही लेखांमध्ये सारखी दिसणारी चूक आहे.

१०. दोन्ही साक्षी जुळतात का

तुमची बुरशी एखाद्या जातीच्या टाइपसोबत भक्कम आधाराने बसली, आणि व्यास, बीजाणूंची मापं, फिअलाइडचा आकार मूळ वर्णनाच्या मर्यादेत आले, तर नाव ठरलं. बीजाणूंच्या मापात अर्ध्या मायक्रोमीटरचा फरक सहसा चालतो. दांडा खरखरीत असायला हवा तिथे गुळगुळीत दिसला तर थांबा.

डीएनए एक सांगतो आणि रूप भलतंच, तर लगेच ‘नवी जात’ म्हणू नका. आधी नळीची अदलाबदल धरून चला. एक-बीजाणू कल्चरपासून पुन्हा डीएनए काढा आणि त्याच प्लेटचे फोटो घ्या. तरीही विसंगती राहिली, आणि झाडात ती फांदी वेगळीच उभी असेल, तर आणखी ठिकाणांहून दुसरं, तिसरं कल्चर शोधा. जैवविविधता कायद्याच्या ३९ व्या कलमानुसार नवा टॅक्सॉन (जात किंवा तसा वर्गीकरणाचा गट) सापडल्यास ते नेमून दिलेल्या भांडाराला कळवून नमुना तिथे जमा करणं बंधनकारक आहे.

११. खरंच पहिलीच नोंद आहे का

नाव ठरलं की मायकोबँक किंवा इंडेक्स फंगोरमवरून त्याची सगळी जुनी नावं उतरवून घ्या आणि प्रत्येक नावाने शोधा. बाजारात जैविक सूत्रकृमिनाशक म्हणून मिळणारी बुरशी आज पर्प्युरिओसिलियम लिलासिनम आहे, पण २०११ पूर्वीच्या लेखांत ती पॅसिलोमायसिस लिलासिनस होती. ग्लायोक्लॅडियम व्हायरेन्स म्हणजे आजचं ट्रायकोडर्मा व्हायरेन्स. इमेरिसेला, युरोटियम, निओसार्टोरिया या नावांखालच्या जाती आज अ‍ॅस्परजिलसमध्ये आहेत. नुसतं आजचं नाव शोधणाऱ्याला ‘भारतात नोंद नाही’ असंच दिसणार.

बिलग्रामी, जमालुद्दीन आणि रिझवी यांची १९९१ ची भारतीय बुरश्यांची यादी आणि नंतरच्या पुरवण्या उघडून पाहा. इंटरनेटवर न आलेल्या जुन्या नोंदी तिथेच सापडतात. पुण्यात अजरेकर मायकॉलॉजिकल हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या नमुन्यांच्या संग्रहात) विचारा. तुमची ‘नवी’ बुरशी तिथल्या एखाद्या पाकिटात कित्येक दशकांपासून असू शकते.

जुनी नोंद सापडली पण ती फक्त रूपावर आधारलेली असेल, तर ‘पहिली नोंद’ न म्हणता ‘डीएनएच्या पुराव्यासह पहिली नोंद’ किंवा ‘महाराष्ट्रातून पहिली नोंद’ असं नेमकं लिहा. आधीच्या माणसाचं काम त्यात पुसलं जात नाही, आणि तुमचंही कमी ठरत नाही.

१२. जमा करणं आणि लिहिणं

लेख पाठवण्याआधी तीन क्रमांक हातात हवेत.

- जिवंत कल्चरचा: पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतलं नॅशनल फंगल कल्चर कलेक्शन ऑफ इंडिया, दिल्लीचं आयटीसीसी किंवा चंदीगडचं एमटीसीसी हे कल्चर संग्रह. फॉर्ममध्ये वाढीचं मीडियम, तापमान आणि मूळ जागा विचारतात, म्हणून पहिल्या दिवसाची चिठ्ठी जपून ठेवा. तपासणीत दूषित कल्चर परत येतं आणि काही आठवडे जातात. हा वेळ आधीच धरा.
- वाळवलेल्या नमुन्याचा: पूर्ण वाढलेली प्लेट कमी उष्णतेवर वाळवून, लेबलसह हर्बेरियमला.
- क्रमांचा: प्रत्येक जीनचा स्वतंत्र जेनबँक क्रमांक, म्हणजेच अ‍ॅक्सेशन क्रमांक. २०० बेसपेक्षा छोटा क्रम तिथे घेत नाहीत. कल्चर संग्रहाचा क्रमांक नोंदीत घालायला विसरू नका, नाहीतर क्रम आणि कल्चर यांचा दुवाच राहत नाही.

लेखात जागा, अधिवास, मातीचा सामू, मीडियमनिहाय व्यास, मापं, फोटोपट्टी (वसाहत वरून, पाठीमागून, कुंचला, बीजाणू), झाड, आणि सर्वांत जवळच्या दोन-तीन जातींपासूनचा फरक हवा. हा शेवटचा परिच्छेद पुष्कळ लेखांत नसतो, आणि परीक्षक तोच आधी शोधतात.

जेनबँकेत क्रम भरताना ‘अमुक तारखेपर्यंत गुप्त’ हा पर्याय निवडला असेल तर लेख पाठवायच्या दिवशी ती तारीख बदला. परीक्षकाने क्रमांक टाकल्यावर पान रिकामं दिसलं तर लेख तिथेच अडतो. पुढे कधी जातीचं नाव बदललं, तर जेनबँकेला ईमेल करून तुमच्या नोंदीवरचं नावही बदलून घ्या.